मुकादम, घरात सांगा

माझे भासरे भिंतीशी बोलत असत. चहा हवा असला की सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीवर, खाट टाकून बसत आणि समोरच्या भिंतीला म्हणत, "काय वो भिंतबाई, आज चुलीले सुट्टी हाय काय?" आत मी आधण ठेवत असे. अंघोळीचं पाणी तापलं की मीही दाराआडून मांजराला म्हणत असे, "पाणी निवून राहिलं बाप्पा, मंग थंडं झालं म्हणू नको." बाहेर खाट करकरायची. म्हणजे निरोप पोचला.

परक्या माणसाला हे वेडेपण वाटेल. आमच्याकडे भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, सून बोलत नाही. त्याच्यासमोर खाटेवर बसत नाही, डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, त्याचं नाव घेत नाही. त्यांचं नाव मी इथेही लिहीत नाही. माझी मुलगी शालू त्यांना मोठेबाबा म्हणते, तेच लिहिते.

सासूबाई होत्या तोवर हा नियम त्यांच्या धाकाने चालला. त्या गेल्यावर विचारणारं कोणी नव्हतं. शेजारची कौसल्याबाई मला टोचायची, "अवं, माही सून सासऱ्याले मोबाईल शिकवते. तुमच्या घरात अजून कोणाचं राज्य सुरू हाय?" मी हसून धुणं पिळत राहायची. खरं म्हणजे नियम राहिलाच नव्हता, लाज तेवढी राहिली होती. माणसांसमोर माझा आवाज लहानपणापासून फुटत नाही. आणि मोठेबाबा माझ्याहून लाजरे. अंगणात पाय ठेवण्याआधी खाकरायचे. तरीही मी समोर आलेच तर मान वर करून आभाळात बघायचे, जसं काही वरून विमानच चाललं आहे.

ते मँगनीजच्या खाणीत कामाला होते. उंच, वाळक्या बांबूसारखे. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणत, "माह्यासंगं बोलाची कोणाले आवड असती तं केलं असतं." खाण सुटून वर्षं झाली तरी त्यांच्या तळहाताच्या रेघांतली काळी धूळ गेली नाही. कमी बोलण्याचं कारणही ते खाणीचंच सांगत. "तिथं तोंड उघडलं का धूळ जाते. मंग सवयच लागते तोंड बंद ठेवाची."

गावात भाऊ वेगळे निघाले, जमिनी वाटल्या गेल्या, तेव्हा आमच्या घरातही एकदा विषय निघाला. माझा नवरा म्हणाला, "दादा, आपलेही हिस्से करून टाकू, पुढं भांडण नको." मोठेबाबा जेवत होते. घास गिळून म्हणाले, "हिस्से केले का मधात धुरा घालावा लागते. धुऱ्यावर धान पिकते काय?" धुरा म्हणजे शेताचा बांध. विषय तिथेच संपला. त्या घरात त्यांनी कधी कशाचा हिस्सा केला नाही. सणाला पुरणपोळी अर्धी मोडून ठेवली तर तीही त्यांना आवडत नसे. म्हणत, "पूरी द्या कोणाले तरी. अर्धं कोणाचंच पोट नाही भरत."

भिंतीशी बोलण्याची वेळ शालू मोठी होईतो फारशी आली नव्हती, कारण आमचा निरोप तीच नेत असे. शाळेतून येऊन दप्तर टाकायच्या आधी तिला दोन्हीकडचं ऐकावं लागे. "शालू, मायले सांग, आज तुमडीचा पाय दुखते, दूध कमी देईन." तुमडी आमची म्हैस. "शालू, मोठेबाबाले सांग, तिच्या पायाले हळद बांधली." मोठेबाबा आणि मी यांच्यात चार हातांचं अंतर असायचं, आणि ती मधे उभी राहून म्हणायची, "ऐकलं ना दोघायनं? मी काही सांगत नाही आता." मग ती नर्सिंग शिकायला नागपूरला गेली आणि तिथेच कामाला लागली. माझे मालक, म्हणजे शालूचे बाबा, तुमसरला राईस मिलमध्ये सकाळी जायचे ते दिवस बुडल्यावर यायचे. जाताना हसून म्हणाले, "तुमचं दोघाचं पोस्टहापीस नागपूरले गेलं."

तेव्हापासून घर मुकं झालं. मालकांना रक्तदाब निघाला म्हणून मी वरणात मीठ कमी टाकायला लागले, आणि वाटलं, मोठेबाबांना शेजारच्या वाटीत वेगळं ठेवलेलं मीठ दिसेल. त्यांना दिसलं नाही. कितीतरी दिवस ते अळणी जेवले. शेवटी एका दुपारी पाण्याच्या तांब्याला म्हणाले, "तांब्याभाऊ, मिठाचा डबा आमच्यावर रागावला काय गा?" मी आत कपाळावर हात मारला. कौसल्याबाईला सांगितलं तेव्हा ती हसता हसता खाली बसली. पण मला रात्रीपर्यंत घास गोड लागला नाही. एक म्हातारा माणूस मीठ मागायला लाजतो आणि मी विचारायला लाजते, हे काय घर झालं?

शालू ज्या घरी एका आजीबाईंची देखभाल करायला जात होती, तिथल्या बुलडॉग कुत्रीला पिल्लं झाली. त्या घरच्या बाईंनी एक पिल्लू चांगल्या घरी द्यायचं ठरवलं होतं. शालूने फोनवर मोठेबाबांना विचारलं. फोनवर फोटो आला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "याच्या तोंडावर कोणं दार लावलं वो?" आणि मग, "हा बोलते काय?"

शालू म्हणाली, "मोठेबाबा, कुत्रं कसं बोलंन?"

"आवाज तं करंन ना."

पिल्लू आणायला मालकांना सुट्टी मिळाली नाही. मोठेबाबा आणि मी एसटीने निघालो. ते पुढे ड्रायव्हरमागे, मी मागे बायकांत. कंडक्टर त्यांच्याकडे गेला तेव्हा ते आभाळाकडे बघत म्हणाले, "मागं आमच्या घरचं माणूस हाय. त्यायचंही." कंडक्टरने सगळ्या बसला विचारलं, "या बाबाचं माणूस कोणतं?" मी पदर पुढे ओढून हात वर केला. बस हसली. मोठेबाबांचे मागून दिसणारे कान लाल झाले होते.

शालू आम्हाला त्या घरी घेऊन गेली. फरशी थंडगार होती. बाईंनी तीन पिल्लं टोपलीतून काढून आमच्यापुढे सोडली. एक झोपाळू होतं. एक चपळ, ते लगेच मोठेबाबांच्या चपलेचा पट्टा ओढायला लागलं. तिसरं रुंद छातीचं, पांढरं, एका डोळ्यावर तपकिरी ठिपका. ते जागचं हललं नाही. बसून आमच्याकडे बघत राहिलं आणि नाकातून, घशातून आवाज काढत राहिलं. खर्र, घुर्र, मधेच शिट्टीसारखं बारीक. मोठेबाबा त्याच्यासमोर उकिडवे बसले. ते म्हणाले, "हो हो." पिल्लाने पुन्हा घुर्र केलं. मोठेबाबा म्हणाले, "बरोबर हाय तुमचं." त्यांना असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

बाई भल्या होत्या. म्हणाल्या, "हा जरा जास्तच घुरघुरतो. हा दुसरा घ्या ना, खेळकर आहे. आणि बाबा, कोणताही नेला तरी गरमीत जपावं लागेल."

मोठेबाबा उठले नाहीत. म्हणाले, "शालू, तुह्या मायले विचार. कोणता?"

शालू माझ्याकडे वळली. मी त्या पांढऱ्या पिल्लाकडे पाहिलं. ते मान पुढे काढून बसलं होतं, कोपरं बाहेर, तोंड उघडं. खोलीत गारवा असूनही तोंड उघडं. माझे बाबाही खाणीतच होते. शेवटच्या दिवसांत उशीला पाठ टेकून ते असेच मान पुढे काढून बसायचे, आणि घरभर हाच आवाज असायचा. ज्याला श्वास ओढून घ्यावा लागतो त्याचा आवाज मी ओळखते. तो मी त्या थंड खोलीत ओळखला.

पण मोठेबाबा म्हणत होते, "शालू, हा घरात असला का घरात आवाज राहीन बाप्पा." मी शालूच्या कानात म्हणाले, "त्यायले आवडला तं तोच."

परतताना ते पिल्लू त्यांच्या मांडीवर होतं आणि सारी बस त्याचं घोरणं ऐकत होती.

नाव त्यांनीच ठेवलं. खाणीत त्यांच्यावर एक मुकादम होता, गाल लोंबते, सदा घुरघुरणारा, पण मनाचा चांगला. पिल्लाचं तोंड हुबेहूब तसं. कुत्र्याला ते कायम अहोजाहो करत. "मुकादमाले अरे तुरे कसं करू? हाजरी लावत होता ना माही." आणि घरात आल्यापासूनच मुकादम पोस्टहापीस झाला.

"मुकादम, घरात सांगा, आज मासोळी आली हाय बाजारात."

"मुकादम, बाहेर सांगा, आणा म्हणा. पण गेल्या वेळेसारखी काटेवाली नको म्हणा."

"मुकादम, घरात सांगा, काटे मासोळीलेच राहतात. ज्याले नाही राहत ते वांगं."

मी तोंडावर पदर धरून हसायची. माझ्या तोंडून असे शब्द निघतात हे मलाच माहीत नव्हतं. "मुकादम, बिडी इझवा म्हणा, तिचा धूर माह्या वाळत घातलेल्या लुगड्यात जाऊन राहिला." "मुकादम, सांगा, लुगडं हटवता येते, म्हाताऱ्याची बिडी हटत नाही." मुकादमाला कळायचं. "सांगा" शब्द ऐकला की तो जड तोंड वळवून दुसऱ्या बाजूच्या माणसाकडे बघायचा. मालक सुट्टीच्या दिवशी घरी असले की म्हणायचे, "माह्या जागी या कुत्र्याले मिलमध्ये पाठवा, मी इथं बसतो."

त्या हिवाळ्यात आम्ही दोघं जेवढं बोललो तेवढं त्याआधीच्या साऱ्या वर्षांत बोललो नसू. त्यांच्या आईविषयी, माझ्या बाबांविषयी, खाणीत दरड पडली त्या दिवसाविषयी. मी आत तांदूळ निवडायची, ते बाहेर दोरी वळायचे, मधल्या दारात मुकादम घुरघुरत पडलेला. त्या घुरघुरीने घर भरून गेलं होतं. मोठेबाबा म्हणत, "पाहा, आपलं बोलणं थांबलं तरी हा थांबत नाही."

त्या आवाजाचं मला आतून बरं वाटत नव्हतं. पण त्याच्यामुळेच तर घर बोलतं झालं होतं. उन्हं वाढली तसा आवाज वाढला. मुकादम दोन पावलं चालून बसायला लागला. जिभेचा रंग मला जांभळट वाटायचा. मी म्हणून पाहिलं, "काहून मुकादम, दम लागून राहिला काय?" बाहेरून उत्तर यायचं, "नाही म्हणा मुकादम, गोष्टी सांगून राहिलो." ते इतक्या आनंदाने म्हणायचे की मी पुढचं गिळून टाकायची. कुत्र्याआडून थट्टा करता येते. तुमचा आनंद म्हणजे त्याचं दुखणं आहे, हे कुत्र्याआडून कसं सांगायचं?

कौसल्याबाईच्या घरी लग्न होतं. ऊन असं की अंगणात पाय टेकवत नव्हता. जेवणं झाल्यावर पाहुणे मुकादमाला बघायला आले. मोठेबाबांनी त्याला आतल्या ओल्या पोत्यावरून उठवून सपरीत आणलं. "पाहा, कसा बोलते माहा मुकादम. बोला जी, पाव्हण्यायले रामराम करा." मुकादम बोलला. पाहुणे हसले. कोणी म्हणालं, "अजून एक डाव." मोठेबाबा म्हणाले, "बोला मुकादम." मी दाराच्या फटीतून बघत होते. त्याची कोपरं बाहेर फाकली होती, मान ताणली होती, आणि आवाज बारीक होत शिट्टीसारखा झाला होता. पाहुण्यांना ते गाणं वाटलं. मग त्याचे मागचे पाय वाकले.

मी बाहेर आले. पदर कुठे होता मला माहीत नाही. म्हणाले, "मोठेबाबा, हा बोलून नाही राहिला! हा मरून राहिला!"

मोठेबाबांनी माझ्याकडे पाहिलं, आभाळाकडे नाही. आम्ही ओली पोती त्याच्या पोटाखाली घातली, पायांवर पाणी टाकलं. लग्नाच्या ऑटोत त्याला घातलं. तुमसरच्या जनावरांच्या दवाखान्यापर्यंत मी त्याचं डोकं मांडीवर धरलं होतं आणि मोठेबाबा टॉवेल भिजवून पिळत होते. मधे निरोप न्यायला कोणी नव्हतं. नेणारा मांडीवर पडला होता.

तो वाचला. डॉक्टरबाईंनी त्याचं नाक बोटांनी उचलून आम्हाला दाखवलं. भोकं कसली, नखाने ओढलेल्या दोन रेघा. "आजोबा, हा बोलत नाही. हा श्वास ओढतो. या जातीत असतं, पण याला जन्मापासूनच जास्त असणार. पिल्लू निवडतानाच असा आवाज करणारं बाजूला ठेवायचं असतं." मोठेबाबांनी मान हलवली. खूप वेळ हलवत राहिले.

मग शालूने नागपूरला सोय केली. तिथे त्याच्या नाकाची भोकं मोठी केली, घशातलं वाढलेलं मांस कापलं. तो घरी आला तेव्हा आवाज गेला होता. झोपेत जरा घोरायचा, एवढंच. दारात निजलेला असला तरी आहे की नाही कळायचं नाही.

मोठेबाबा त्यानंतर बरेच दिवस कोणाशीच बोलले नाहीत, भिंतीशीही नाही. आपला कुलर त्यांनी मुकादमाच्या तोंडासमोर आणून ठेवला आणि स्वतः गोठ्याजवळ झोपायला लागले. बिडी सोडली. रोज सकाळी त्याच्या तोंडाच्या घड्या ओल्या फडक्याने पुसायचे, आणि प्रत्येक घडीला म्हणायचे, "माफी देजा मुकादम." पुढची घडी, "माफी देजा." मुकादम त्यांचा हात चाटायचा. ते मला बघवत नसे. मी चुलीपाशी जाऊन उगाच लाकडं सारायची. माफी एकटेच मागत होते ते.

धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, चालू होता तेव्हाची गोष्ट. सकाळी ते सपरीत मुकादमाचं तोंड पुसत होते, मी आत सुपात तांदूळ पाखडत होते. बाहेरून आवाज आला. किती दिवसांनी.

"मुकादम, घरात विचारा. हिनं तिच्या बाबाचा दम ऐकला होता. हिले नागपूरलेच मालूम झालं होतं काय?"

नाही म्हणणं सोपं होतं. कुत्र्याला तर सांगायचं होतं. मुकादमाने तोंड वळवून माझ्याकडे पाहिलं, तो नेहमीच बघतो तसं.

मी म्हणाले, "मुकादम, सांगा. होतं."

बाहेर चपला वाजल्या. ते बांदीत, म्हणजे धानाच्या शेतात, निघून गेले. दुपारी जेवायला आले नाहीत. मी डबा पाठवला तो रोवणाऱ्या बायांबरोबर तसाच परत आला. मला वाटलं, आता हे घर खरंच मुकं झालं, आणि ते मी केलं.

दिवस बुडताना ते आले. पाय धुतले, खाटेवर बसले, खाकरले.

"मुकादम, घरात सांगा. मी खाणीत अर्धी जिंदगी असा दम ऐकला. शेजारच्या माणसाचा ऐकला, माह्या स्वतःच्या छातीत ऐकला. मले तं तिच्याहून आधी मालूम व्हाले पाहिजे होतं. पण मले घरात आवाज पाहिजे होता, म्हणून मी कान बंद केले. तिनं माह्या तोंडाकडं पाहिलं, म्हणून तोंड बंद केलं." टॉवेलाने पाय पुसले. "हे एकल्याचं नाही. अर्धं माहं, अर्धं तिचं. हिस्सा करून टाका म्हणा."

ज्या माणसाने बांदीत धुरा घालू दिला नाही, पोळी मोडू दिली नाही, त्याने जन्मात एवढाच एक हिस्सा केला, आणि तो माझ्यासोबत. मी चुलीपुढे बसून पदरात तोंड घालून रडले. मोठेबाबांना ऐकू गेलं असणार. ते म्हणाले, "मुकादम, अन् जेवाले वाढा म्हणा. सकाळपासून उपाशी हाय तुमचा हाजरीवाला."

पुढे बोलणं पुन्हा सुरू झालं. मुकादमाला उन्हाचा त्रास व्हायचाच. असा त्रास झाला त्या दिवशी माझा घास उतरत नसे. मग बाहेरून यायचं, "मुकादम, सांगा, माहा अर्धा मी भोगून राहिलो. तिनं आपला अर्धा जेवून भोगावा." आणि एकदा, मी फारच उदास होते तेव्हा, "दुसरा आणला असता तं हा कोणाच्या घरी गेला असता, हेही विचारा मुकादम. त्यायनं नाक कापून दिलं असतं का नाही, कोणाले मालूम?" हे त्यांनी माझ्यासाठी म्हटलं होतं. त्यांचा स्वतःचा त्यावर विश्वास नव्हता. सकाळची माफी त्यांनी शेवटपर्यंत चुकवली नाही.

गेल्या वर्षी पोळ्यानंतर सपरीतून मला तो आवाज पुन्हा ऐकू आला. मुकादम माझ्या पायाशी शांत निजला होता. मी बाहेर गेले. मोठेबाबा खाटेवर मान पुढे काढून बसले होते. या वेळी मी कोणाकडे बघून थांबले नाही.

"मोठेबाबा, हा आवाज चांगला नाही. उद्याच भंडाऱ्याले जाऊ."

त्यांनी डोळे वर केले, मग दारात आलेल्या कुत्र्याकडे पाहिलं. "मुकादम, ऐकलं काय? तुमची नोकरी गेली."

आम्ही गेलो. औषधं आली, वाफ घ्यायचं यंत्र आलं, पुढे प्राणवायूची नळी आली. शालू रजा टाकून येऊन राहिली. डॉक्टर म्हणाले, छातीत जुनी धूळ आहे, ती काढता येत नाही. मी या वेळी लवकर बोलले होते. तरी लवकर झालं नव्हतं. आधीच ऐकू आलं असतं का, असं माझ्या मनात सारखं यायचं. मुकादमाच्या आवाजाने घर भरलेलं होतं त्या हिवाळ्यात, त्याच्याखाली यांचाही आवाज होता का? मी तर दोन्हीकडे कान लावून बसलेली असायची.

हे मी त्यांना विचारलं नाही. पण धान कापून घरी आलं त्या दिवसांत, एका सकाळी, मी त्यांची उशी सरळ करत होते, तेव्हा ते माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले. बोलायला त्यांना श्वास पुरत नव्हता, शब्द शब्द सुटा येत होता.

"मुकादम. घरात सांगा. हे माह्या धुळीचं हाय. यात तिचा हिस्सा नाही."

मुकादमाने तोंड माझ्याकडे वळवलं. त्यानंतर मोठेबाबा फारसं बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी गेले.

त्यांच्या मागे मूलबाळ नव्हतं. त्यांच्या नावाच्या बांद्या आमच्या नावावर चढल्या. मालक म्हणाले, "पाहा, दादा म्हणत होता तसंच झालं, धुरा घालावा नाही लागला." मला दुसरंच आठवलं. मागे कोणी नसलं की जाणाऱ्याचा सारा हिस्सा राहणाऱ्याकडे येतो. ते अर्धंही माझ्याकडे आलं आहे. आता सकाळी मुकादमाच्या तोंडाच्या घड्या मी पुसते, आणि दोघांच्या वाट्याची माफी मागते.

तो आता म्हातारा होत चालला आहे. मधल्या दारातच निजतो. श्वासाचा आवाज नाही, म्हणून काम करता करता मी थांबते आणि त्याच्या नाकापुढे हात धरते. ऊब लागली की पुन्हा कामाला लागते. सपरीतली खाट आम्ही उचलली नाही. कधी दुपारी घर फार शांत वाटलं की मी आतून म्हणते, "मुकादम, बाहेर सांगा, चहा झाला."

तो जड तोंड उचलतो, खाटेकडे वळवतो, आणि निरोप दिल्यासारखा परत माझ्याकडे बघतो. खाट करकरत नाही.